बांध कुणाचा

लिफ्ट थांबली ती मजल्याच्या जरा खाली. फार नाही, चार बोटं. दार उघडलं, हर्षदानं नेहमीसारखं मोबाईलमध्ये डोकं घालून पाऊल टाकलं आणि बुटाचं टोक फरशीच्या कडेला अडून ती पुढे धडपडली. पडली नाही. समोरच्या दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी लागलं का म्हणून विचारलं, हिनं हसून वेळ मारून नेली, लिफ्टवाल्यांना मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या आणि ऑफिसात जाऊन बसली. खरं तर विषय इथंच संपायला हवा होता. ठाण्यात माणसं रोज याहून मोठे धक्के खातात आणि चहा पिऊन विसरतात. पण तिचा चहा पुढ्यात निवत गेला, वर साय धरली, तरी ते काही मनातून जाईना. दुखत तर मुळीच नव्हतं. नुसतं काहीतरी आठवायचं राहून गेलंय असं पायाला वाटत होतं. हे पाऊल असंच, याच उंचीला, कुठेतरी अडलेलं होतं. कुठं, ते पायाला पक्कं ठाऊक होतं आणि डोक्याला नव्हतं, आणि आर्किटेक्टच्या डोक्याला जे ठाऊक नाही ते तिच्या पायाला ठाऊक असावं ही काही बरी गोष्ट नव्हे. तिनं कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर कालचंच काम उघडं होतं: खोडाळ्याजवळच्या निवासी शाळेच्या विस्ताराचा दुसरा टप्पा. वाचनालय, नवं स्वयंपाकघर, मुलांचं वसतिगृह. पुढच्या आठवड्यात संस्थेच्या लोकांसमोर तो मांडायचा होता.

ही शाळा म्हणजे हर्षदाचा जीव की प्राण. ती मूळची साखरशेतची, जव्हार तालुक्यातली. वडील शिक्षक, पण नागलीची, म्हणजे नाचणीची, आणि भाताची शेतं सुटली नव्हती. शिकायला नाशिकला गेली, धंद्याला ठाण्यात आली, तरी तिकडच्या डोंगराची ओढ काही आटली नाही. मुंबईच्या त्या संस्थेनं जाहिरात दिली तेव्हा अट एकच होती, बांधकाम निसर्गाला धरून हवं. बाकीच्या आर्किटेक्टांनी सौरऊर्जा आणि बांबू यांच्यावर भाषणं ठोकली. हर्षदा म्हणाली, मी एक झाड तोडणार नाही आणि डोंगराला कुदळ लावून सपाट करणार नाही, डोंगरानं जिथं बसायला जागा दिलीय तिथंच बसेन. आणि काम घेऊन आली. शब्दाला जागलीसुद्धा. मोहाचं झाड वाटेत आलं तर व्हरांडा वाकवला, उंबरासाठी पायऱ्या फिरवल्या, दगड तिथलाच, वर कौलं. पहिल्या टप्प्यात मुलींचं वसतिगृह झालं, लांबलचक, एकमजली. डोंगराच्या उतरणीवर एक जुना बांध होता, गवतानं मढलेला, सुरेख वळण घेत गेलेला. त्या बांधाच्या खाली, त्याच्याच अंगानं, त्याच्याच वळणानं तिनं ही इमारत बसवली. एका मासिकात तिचा फोटो छापून आला. बघणाऱ्यानं म्हणावं, ही इमारत कुणी बांधलीच नाही, इथं उगवली. आणि जून उजाडला तशा मुली पेट्या घेऊन तिथं राहायला आल्या.

ती जागा पहिल्यांदा पाहायला गेली तेव्हा सोबत धनेश होता. धनेश तिचा भागीदार, जन्मानं आणि स्वभावानं ठाणेकर. नागली उगवते झाडाला की जमिनीत, हे त्याला त्या दिवशी कळलं. उतरणीवरून चालताना तो एके ठिकाणी थांबला आणि म्हणाला, ही पायरी कसली गं? गवताची कड, घोट्याएवढी उंच. त्याच कडेला हर्षदाचा पाय अडला होता, आत्ता लिफ्टच्या दारात अडला तसाच. आठवलं, एकदाचं आठवलं, आणि आठवून बरं मात्र वाटलं नाही. कारण त्या दिवशी ती हसली होती. धनेशला म्हणाली होती, अरे शहरातल्या माणसा, बांध आहे तो. बांध बघितला नाहीस कधी? आणि खिशातून पेन काढून कागदावर लिहून टाकलं होतं, जुना बांध. तिला काय विचारायचं होतं? बांधाबांधांवरूनच ती चालायला शिकलेली. रविवारी बाप पुढं आणि ही मागं, आणि बाप चालता चालता सांगायचा, हा माघ्याकाकाचा बांध, हा आपला, हा मंगळीमावशीचा, तिच्या सासऱ्यानं घातलेला. ह्या भागात माणसाला नाव नसलं तर एक वेळ चालेल, बांधाला नाव हवंच. उतरणीवर पायरी दिसली की तो कुणाचा तरी बांध, हे तिच्या रक्तात होतं. परका माणूस थबकला. घरचं माणूस हसून पुढं गेलं.

तिनं उन्हाळ्यात वरून घेतलेला ड्रोनचा फोटो पडद्यावर मोठा केला. वाळल्या गवतात बांध स्वच्छ दिसत होता. दुसऱ्या टप्प्याच्या नकाशावर तो उतरवायचाच होता, म्हणून ती माऊसनं रेघ गिरवायला लागली. मधोमध रेघ सरळ चालली, वसतिगृहाच्या पाठीमागून. मग उजव्या टोकाला हात थोडा खाली आला. फोटोत होतं तसं ती गिरवत गेली, आणि हात आणखी खाली आला. तिनं डावं टोक धरलं. तिथंही रेघ वळली आणि उतरणीला लागली. विळ्याचं पातं जमिनीवर ठेवावं, दोन्ही टोकं दरीकडं करून, तशी ती आकृती पडद्यावर उभी राहिली आणि पात्याच्या पोटात तिचं वसतिगृह होतं. हर्षदानं हात माऊसवरून काढला. बांध कधी उतरत नाही. त्याला पाणी अडवायचं असतं, तो आडवाच जाणार, एका पातळीत, दगडाला किंवा ओहोळाला भिडेपर्यंत. दोन्ही टोकांना खाली उतरणारा बांध घालेल असा गाढव माणूस ह्या मुलखात अजून जन्मायचाय. आणि मग एकामागून एक सगळं सुचायला लागलं, नको असताना. त्या बांधावर कुणी तूर लावलेली नव्हती. चवळीसुद्धा नाही. बांध मोकळा सोडणारं घर तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि इथं नुसतं गवत पाहून ती म्हणाली होती, किती नितळ आहे. बांधाला दरसाल हात लागतो, पावसात ढासळलेला दगड कुणीतरी परत बसवतं. ह्याला एक दगड नव्हता. नुसती माती, वरची वर आणि खालची खाली, मधे कड. तो डोंगर तिथं तुटत होता. आणि तिनं त्या तुटण्याची रेघ बघून म्हटलं होतं, काय सुंदर वळण आहे.

असं काही माणसाच्या ध्यानात आलं की माणूस आधी काय करतं? पटकन उठून धावत नाही. ते खोटं ठरावं म्हणून धडपडतं. हर्षदानं मुख्याध्यापकांना फोन लावला. पंढरी सर हा भला माणूस, शाळेसाठी हाडं झिजवलेला. तिनं आवाज जमेल तितका सहज ठेवून विचारलं, सर, वसतिगृहाच्या मागचा बांध कुणाचा हो? तिला एक नाव हवं होतं. कुणीतरी म्हणावं, हा माझ्या आज्यानं घातला, म्हणजे ती टेबलावर डोकं ठेवून पोटभर रडली असती. पंढरी सर म्हणाले, सोम्याबाबाचा असणार, खालच्या पाड्यातल्या, विचारून सांगतो. दुपारी फोन आला, की सोम्या म्हणतो आमची हद्द आंब्यापाशी संपते, हा लक्ष्याचा असेल. लक्ष्या वरच्या अंगाला सडकेलगत राहणारा. तासाभरानं कळलं की लक्ष्याचं म्हणणं, त्यानं तो सोम्याचाच समजून सोडला होता. दोघांनी वर्षानुवर्षं तो एकमेकांचा धरलेला. सरांना गंमत वाटत होती. बोलता बोलता ते म्हणाले, मॅडम, त्या दारांचं जरा बघा ना, सुतारानं दोनदा रंधा मारला तरी मुलींच्या खोल्यांची दारं लागत नाहीत. दारांचं ते जुलैपासून सांगत होते, आणि हिनं प्रत्येक वेळी ऐकवलं होतं, लाकूड आहे सर, पावसात फुगणारच. मग ते म्हणाले, बाकी तुमच्या इमारतीचा पायगुण चांगला, खालच्या पाड्याजवळ ह्या वर्षी उन्हाळ्यातसुद्धा पाणी पाझरत होतं, बाया नारळ फोडून आल्या. मोखाड्याच्या उन्हाळ्यात, जिथं हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो तिथं, डोंगराच्या पायथ्यातून आपणहून पाणी येतं, आणि लोक त्याला देवीची कृपा म्हणतात. हर्षदानं हूं म्हटलं आणि फोन ठेवला. वरून आत मुरलेलं पाणी खाली वाट काढत होतं, हे तिला कळलं.

धनेशनं सगळं ऐकून घेतलं. घाबरला, पण त्याचं घाबरणं निराळं. तो म्हणाला, तोंडी काही बोलू नकोस, भूगर्भवाल्या माणसाला आणू, तो येऊन बघेल, अहवाल देईल, मग रीतसर कळवू. पुढच्या आठवड्याची बैठक होऊन जाऊ दे. शिवाय नकाशावर बांध कुणी लिहिलाय, हे विसरू नकोस. शेवटचं वाक्य त्यानं मायेनं म्हटलं, दरडावून नाही, आणि म्हणून ते जास्त लागलं. तो चूक बोलत होता असंही नाही. तिचं नाव, ऑफिस, इतक्या वर्षांची मेहनत, सगळं त्या दोन शब्दांवर उभं होतं. पण बाहेर श्रावणातला पाऊस तीन दिवस धरून बसला होता, आणि त्या विळ्याच्या पोटात मुली झोपत होत्या. सकाळी ती कुणाला न सांगता गाडी घेऊन निघाली. कसाऱ्याला हायवे सोडला, विहीगावचा रस्ता धरला, आणि धुक्यात डोंगर दिसेनासे झाले. एरवी ह्या वळणावर तिचा जीव सुपाएवढा व्हायचा. आज तिला प्रत्येक उतरणीवर पायऱ्याच दिसत होत्या. दोन्ही अंगांना नागलीची हिरवीगार शेतं, बांधामागून बांध, बांधामागून बांध, आणि तिला कळेना की ह्यातला घातलेला कुठला आणि तुटलेला कुठला. बाप जिवंत असता तर त्यानं सांगितलं असतं का? तिला उगाच वाटलं, तोही असाच हसून पुढं गेला असता. हे वाटणं फार वाईट होतं. तिनं काच खाली केली, तोंडावर पाऊस घेतला आणि गाडी हाकत राहिली.

शाळेत पोचली तर मुख्याध्यापकांच्या खोलीत रणकंदन माजलं होतं. सोम्या आणि लक्ष्या, दोघंही. काल ज्या बांधाला दोघांनी हात झटकले होते तो आज दोघांनाही हवा होता. झालं असं की ठाण्याच्या बाईनं फोन करकरून विचारलं म्हणजे बांधात काहीतरी आहे, शाळा आणखी जागा घेणार, हे रात्रीतून सगळीकडं झालेलं. सोम्याला आता लख्ख आठवत होतं की त्याच्या बापानं तो बांध घातला, तो लहान असताना दगड द्यायला होता. लक्ष्याला त्याहून लख्ख आठवत होतं. दोघांचीही डोळ्यांत पाणी येईपर्यंत खात्री झाली होती, आणि खोटं त्यातलं कुणीच बोलत नव्हतं, हीच तर पंचाईत. हर्षदानं दोघांना बाहेर बसवलं, दार लावलं आणि पंढरी सरांना सांगितलं, की तो बांध नाही. डोंगराला तडा गेलाय, मुलींना आजच्या आज तिथून काढा. सर भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या तिच्याच नकाशापाशी गेले आणि दोन शब्दांवर बोट ठेवून म्हणाले,

"मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय."

ती म्हणाली, चुकलं माझं. सर म्हणाले, बाहेर त्याचे दोन मालक बसलेत आणि तुम्ही म्हणता बांधच नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. पाच वर्षं मंत्रालयापासून मुंबईच्या शेठपर्यंत जोडे झिजवून त्यांनी मुलींना कोरडं छप्पर मिळवलं होतं. आधी मुली वर्गांत झोपायच्या, गळक्या कौलांखाली, बाकं भिंतीला लावून. पुन्हा तिथंच न्यायचं, भर पावसात, ते कशासाठी? मॅडमना ठाण्यात बसून शंका आली म्हणून? ते म्हणाले, तज्ज्ञाचं पत्र आणा, मी आत्ता हलवतो. हर्षदाला धनेश आठवला. दोघंही किती शहाणे, आणि दोघांच्या शहाणपणाला लागणारा वेळ डोंगराकडं होता की नाही हे कुणाला विचारायचं?

ती वसतिगृहात गेली. शाळेची मधली सुट्टी होती, मुली पावसामुळं आतच होत्या. माघी नावाची आठवीतली एक चुणचुणीत मुलगी पुढं झाली आणि दार कसं लावायचं ते तिला दाखवायला लागली: पायानं खालून उचलायचं, खांद्यानं ढकलायचं, मग लागतं. सगळ्या मुलींना ती युक्ती येत होती. कोपऱ्यात गजग्यांचा, गोल टणक बियांचा, खेळ मांडलेला. माघी म्हणाली, बाई, आमच्याकडं मज्जा आहे, आणि तिनं मूठभर गजगे फरशीवर मधोमध सोडले. ते क्षणभर थांबल्यासारखे झाले आणि मग सगळे मिळून दरीकडच्या भिंतीकडं निघाले, आधी सावकाश, मग पटापट. मुली खिदळल्या. हर्षदानं विचारलं, पहिल्यापासून पळतात का गं? माघी म्हणाली, नाही, आत्ता आत्ता पळायला लागले, पूर्वी नुसतेच पडून राहायचे. ती हे इतक्या कौतुकानं सांगत होती, की जणू इमारत हळूहळू मुलींच्या ओळखीची झाली आणि त्यांच्याशी खेळू लागली. ह्या फरशीची पातळी हर्षदानं स्वतः उभं राहून तपासून घेतली होती. तिला ओरडावंसं वाटलं, चला, आत्ताच्या आत्ता चला. पण ओरडून काय झालं असतं? मुली घाबरल्या असत्या, सर धावत आले असते, तिला चहा पाजला असता आणि मोटारीत बसवून दिलं असतं. आपण खरं बोलतोय आणि ते कुणालाच नकोय, असं तिच्या आयुष्यात पूर्वी कधी झालं नव्हतं. तिचं ऐकायची लोकांना सवय होती. ह्याच लोकांनी तिचं चुकीचं किती पटकन ऐकलं होतं.

व्हरांड्यात उभी राहून ती पावसाकडं बघत होती, आणि तेवढ्यात तिला ते सुचलं. आवडलं नाही, पण सुचलं. ती परत सरांकडं गेली आणि अगदी कोरड्या आवाजात म्हणाली, की ठीक आहे, बांध आहे असंच धरू. पण बांधाला दोन मालक निघालेत, म्हणजे जागा वादाची झाली. उद्या ह्यांच्यातला एक मोखाड्याला तहसीलवर जाऊन अर्ज टाकेल, चौकशीला माणूस येईल आणि विचारेल, वादाच्या जागेवर मुली कुणाच्या हुकमानं ठेवल्या? सरांचा चेहरा बघता बघता उतरला. डोंगराला तडा गेला हे त्यांना पटलं नव्हतं, पटणारही नव्हतं. डोंगर त्यांनी जन्मभर तिथंच उभा पाहिलेला. पण अर्ज म्हणजे काय, चौकशी म्हणजे काय, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. ते उठले, शिपायाला हाक मारली, आणि तासाभरात वर्ग रिकामे होऊन बाकं भिंतीला लागली. मुली डोक्यावर पेट्या घेऊन पावसातून, बांधाच्या वरच्या अंगाला असलेल्या शाळेत येऊ लागल्या. अंथरुणं भिजली, कुणाची पुस्तकं चिखलात पडली. माघी तिच्या समोरून गेली ती मान वळवून. आपलं छान घर ह्या बाईनं काढून घेतलं, एवढंच तिला कळलं होतं. हर्षदाला त्याचं काही वाटलं नाही. शेवटची मुलगी चढ चढून आली, सरांनी वसतिगृहाला कुलूप घातलं, आणि कालपासूनची तिची काळजी एकदाची मिटली. ती पायरीवर बसली. तिला हसू येत होतं. खऱ्यानं जे झालं नाही ते लबाडीनं झालं; होऊ दे. मुली बाहेर होत्या ना? मग पडो ती इमारत, पडो तो मासिकातला फोटो. इमारत ढासळताना कशी दिसेल हेही तिनं क्षणभर बघितलं, वेदना न होता, दुसऱ्या कुणाची असावी तशी.

स्वयंपाकघरातून सुकरीबाईनं चहा आणून दिला. चहा देता देता ती सहज बोलून गेली, की सोम्याबाबा काही घरी गेला नाही, बांधावर जाऊन बसलाय. लक्ष्या त्याला म्हणाला म्हणे, मी उद्याच तहसीलला जातो, तर हा म्हणाला, जा, मी माझ्या बापाच्या बांधावरून हलत नाही. हर्षदानं कप खाली ठेवला. वादाचं नाव तिनं काढलं होतं, आणि तो वाद आता भिजत जाऊन त्या तड्यावर बसला होता. ती तशीच छत्री न घेता निघाली. वसतिगृहाच्या मागून वर चढताना तिला पावलोपावली वाटत होतं की आपल्या अंगाचं वजन कमी असतं तर बरं झालं असतं. काल पडद्यावर गिरवलेली रेघ आता समोर होती. घोट्याएवढी नव्हती ती. गुडघ्याला आली होती. गवताची कड वरून लोंबत होती, आणि खाली ताजी तांबडी माती ओली चकाकत होती. आणि तिथं डोक्यावर इरलं घेऊन सोम्या उकिडवा बसला होता, दोन्ही हातांनी काम करत. म्हातारा बांध दुरुस्त करत होता. पाणी जिथून आत शिरत होतं तिथं त्यानं दगड गोळा करून ठेवले होते, आणि एकेक दगड तो मोठ्या मायेनं फटीत बसवत होता, वर चिखल थापत होता. त्याचा बांध मोडला होता. इतकी वर्षं कुणी हात लावला नव्हता त्याला, मोडेल नाही तर काय?

तिनं लांबूनच हाक मारली, सोम्याबाबा, उठा तिथून, कडेच्या वर व्हा. त्यानं वळून बघितलं आणि प्रसन्न हसला. म्हणाला, बाय, बरं झालं तू इचारलंस, नायतर माझ्या ध्यानातच नव्हतं. मग म्हणाला, तो मोठा धोंडा जरा सरकव इकडं, पाया घालायला बरा हाय. ती सांगत राहिली की बाबा, हा बांध नाही, इथून उठा, आणि तो मान डोलवत राहिला, म्हातारी माणसं लेकरांच्या बोलण्याला डोलवतात तशी. त्याला वाटलं असेल, ही लक्ष्याच्या बाजूची. हिला आता त्याच्या हाताला धरून ओढणंच उरलं होतं. ती दोन पावलं पुढं झाली, तेवढ्यात त्यानं बसवलेला दगड आत गेला. पडल्याचा आवाज आला नाही. सोम्यानं दुसरा दगड ठेवला, तोही गेला. मग तो गुडघ्यांवर आला, आणि पायाचा दगड कुठं टेकवावा हे चाचपायला त्यानं फटीत हात घातला. कोपरापर्यंत गेला. खांद्यापर्यंत गेला. त्याचा गाल चिखलाला टेकला, तोंड तिच्याकडं होतं, आणि त्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. तो हात आत फिरवत होता.

"बाय," तो म्हणाला, "तळ नाय लागत."

त्यानं हात काढून घेतला आणि त्याकडं बघत बसला. मग म्हणाला, "ह्यो माझ्या बापाचा नाय. ह्यो कोनाचाच नाय."

कालपासून तिला हेच कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर तिला क्षणभर, फक्त क्षणभर, सुटल्यासारखं वाटलं. पटलं एकदाचं. आता हा उठेल, दोघं शाळेत जातील, सर ऐकतील. म्हातारा उठला खरा. पण तो शाळेकडं बघत नव्हता. तो तिच्या इमारतीच्या कौलांवरून पलीकडं, उतरणीच्या पायथ्याशी बघत होता, जिथं त्याचा पाडा होता. पावसात छपरांतून धूर वर येत होता, संध्याकाळच्या चुली पेटल्या होत्या. अंगणात कुणीतरी कोंबड्या झाकत होतं, पोरं चिखलात खेळत होती. हर्षदानंही तिकडं बघितलं. दोन वर्षं तिनं ह्या डोंगराचा नकाशा काढला होता. मोहाचं झाड काढलं, उंबर काढला, एकूण एक झाड काढलं. शाळेच्या कुंपणाच्या खाली तिनं काहीच काढलं नव्हतं. तिथं कोरा कागद होता. आज दिवसभर ती मुली, मुली करत होती, आणि ह्या डोंगराला निघायचं झालं तर तो कुलूप लावलेल्या इमारतीपाशी थांबणार नव्हता. सोम्यानं इरलं टाकलं आणि तो धावत सुटला, म्हातारपण विसरून, घसरत, उठत, आणि एकेकाला नावानं हाका मारत. ती त्याच्या मागं धावली. दोघांनी हाका मारल्या असत्या तर खाली लवकर ऐकू गेलं असतं. तिनं ओरडायला तोंड उघडलं, आणि त्या पाड्यातल्या एकाही माणसाचं नाव तिला ठाऊक नव्हतं.